रोज वापरायच्या मस्टँग जीटीवर अडीच हजार डॉलर: आधी टायर आणि बुश, पॉवर शेवटी

तुझा प्रश्न आधी इथे थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०१६ ची मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही८, सहा स्पीड मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकेज (कारखान्यातूनच मोठे ब्रेक, रुंद टायर आणि कडक सस्पेन्शन देणारा पर्याय) नसलेली, ५८,००० मैल रनिंग. डेट्रॉइटजवळच्या नोव्हीहून ऑफिसला रोज जाऊन-येऊन ४० मैल, बहुतेक सगळे आय-६९६ हायवेवरून, आणि हिवाळ्यातही हीच गाडी. हातात अडीच हजार डॉलर. मित्र म्हणतोय कोल्ड एअर इनटेक (इंजिनला हवा देणारा वेगळा पाइप आणि फिल्टर), हेडर (इंजिनाला लागून असलेले एक्झॉस्टचे पाइप) आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) कर, ७० हॉर्सपॉवर वाढतील. आणि तुझं म्हणणं, "दादा, सुरुवात कशापासून करू, आणि रोजच्या वापराला त्रास होणार नाही ना?"

मी डेट्रॉइट भागात इंजिन कॅलिब्रेशनच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे ठरवायच्या) कामात बरीच वर्षं आहे आणि शनिवार-रविवार आपल्याच लोकांच्या मस्टँग, कॅमेरो, चॅलेंजर माझ्या गॅरेजमध्ये येऊन-जाऊन असतात, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. माझं उत्तर असं आहे की या पहिल्या अडीच हजारातला एकही डॉलर पॉवरला लावू नकोस. का ते आकड्यांनी दाखवतो, नुसतं माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही.

तुझ्या इंजिनचा कंपनीचा आकडा ४३५ हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क. तुझ्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६६ आणि मागच्या डिफरन्शिअलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअर) रेशो ३.३१. हे सगळं गुणलं, टायरच्या त्रिज्येने भागलं आणि वाटेत साधारण १५ टक्के वाया जातात असं धरलं, तर पहिल्या गिअरमध्ये मागची दोन चाकं रस्त्याला मिळून ३६०० पाउंडांच्या आसपास जोर लावू शकतात. आता दुसरी बाजू बघ. गाडीचं वजन सुमारे ३७०० पाउंड, त्यातलं निम्म्याला थोडं कमी मागच्या चाकांवर, आणि गाडी जोरात सुटली की थोडं वजन मागे सरकतं, म्हणजे मागे फार तर २२०० पाउंड. चांगला उन्हाळी टायर गरम, कोरड्या रस्त्यावर जेवढं वजन त्यावर आहे साधारण तेवढाच जोर पकडून ठेवतो. म्हणजे इंजिन ३६०० देतंय आणि टायर २२०० घेतोय. दुसऱ्या गिअरमध्ये (२.४३) हिशोब केला तरी २४०० येतात, म्हणजे तिथेही टायर कमीच पडतो. आणि दुसरा गिअर सात हजार आरपीएमपर्यंत ओढलास तर वेग ७० मैलांवर गेलेला असतो. थोडक्यात, पहिल्या गिअरमध्ये आणि दुसऱ्याच्या बहुतेक भागात तुझ्या गाडीचा पिकअप इंजिन ठरवत नाही, टायर ठरवतो. तिथे अजून वीस-पंचवीस घोडे जोडून काय मिळणार, फक्त जास्त धूर आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा लुकलुकणारा दिवा.

आणि तुझ्याकडे तर कारखान्यातून आलेले २३५ रुंदीचे १८ इंची टायर आहेत, तेही ऑल-सीझन. ४३५ घोड्यांना २३५ चा टायर म्हणजे पैलवानाला शाळेतल्या पोराच्या चपला.

म्हणून पहिला मोठा खर्च टायरचा. याच मॉडेलच्या परफॉर्मन्स पॅकेजवर १९ इंची चाकं येतात, पुढे २५५/४० आणि मागे २७५/४०, आणि ती चाकं तुझ्या गाडीवर सरळ बसतात. नवीन घेऊ नकोस. डेट्रॉइटमध्ये राहण्याचा हा एक मोठा फायदा आहे, गाडी इथेच फ्लॅट रॉकला बनते, इंजिन नदीपलीकडे विंडसरला बनतं, इथल्या निम्म्या गल्ल्यांमध्ये कोणी ना कोणी मस्टँगवाला असतो आणि तो महागडी चाकं घालून मूळची विकायला काढतो. असली काढून ठेवलेली, इथे ज्याला टेक-ऑफ म्हणतात ती चाकं, चारचा सेट ५००-६०० डॉलरला मिळतो. घेताना प्रत्येक चाक आडवं ठेवून आतल्या कडेवरून हात फिरव. मिशिगनच्या खड्ड्यांत रिम आतल्या बाजूने वाकते, बाहेरून चकाचक दिसते आणि मग ६५ मैलांना स्टिअरिंग थरथरतं.

टायर विकत घेताना साइडवॉलवरचा डीओटी कोड वाच. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, समजा २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. सेलमध्ये स्वस्त मिळणारा टायर बऱ्याचदा तीन-चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला असतो, आणि परफॉर्मन्स टायरचा रबर कडक झाला की आपण पैसे ज्या गोष्टीसाठी दिले तीच गेली. ब्रँड म्हणशील तर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस उत्तमच, पण तुझ्या बजेटला जड जाईल. फायरस्टोनचा फायरहॉक इंडी ५०० किंवा कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट घे, चार टायर बसवून ८०० ते १००० डॉलरमध्ये काम होतं आणि रस्त्यावर फरक अगदी पहिल्या वळणाला कळतो. फक्त पिकअपच नाही, ब्रेकिंगसुद्धा टायरच करतो हे लोक विसरतात.

आता हिवाळा. उन्हाळी टायर ४५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दगडासारखा होतो आणि गोठणबिंदूच्या खाली गाडी हलवली तर ट्रेडला चिरा पडू शकतात, हे टायर कंपन्या स्वतःच लिहून देतात. म्हणून तुझे जुने १८ इंची रिम विकू नकोस. त्यांच्यावर आत्ताचे ऑल-सीझन चालू हिवाळ्यापुरते वापर आणि पुढच्या वर्षी त्यावरच खरे विंटर टायर चढव. नोव्हेंबरच्या मध्यावर बदल, एप्रिलमध्ये परत बदल. रिमसकट सेट असला की घरी जॅक लावून तासाभरात होतं, दुकानात जायची गरज नाही. मागच्या चाकाने ढकलणारी, ४३५ घोड्यांची गाडी बर्फात चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती बहुतेक चुकीच्या टायरवर चालवलेली असते.

इथेच एक सावधगिरी सांगतो. टेक-ऑफ शोधायला लागलास की कोणीतरी तुला परफॉर्मन्स पॅकेजचे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेकही स्वस्तात देऊ करेल, आणि मोह होईल. त्यांची डिस्क ३८० मिलिमीटरची आहे, त्यावर तुझे १८ इंची मूळ रिम बसत नाहीत, म्हणजे हिवाळ्याचा सगळा प्लॅन कोलमडला. तुझ्या गाडीचे चार पिस्टनचे मूळ ब्रेक ३५२ मिलिमीटरच्या डिस्कचे आहेत आणि रस्त्यावर वापरायला पुरून उरतात. तिथे फक्त चांगले पॅड घाल आणि ब्रेक फ्लुइड बदल. फ्लुइड हवेतलं पाणी शोषत राहतं. नवीन डीओटी ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्याचा नियम १५५ वर येतो, इतका फरक. ५८,००० मैलांत कोणी ते बदललंय का याची तुझ्याकडे पावती नसेल तर बदललेलं नाही असंच धर. झाकण उघडून बघ, चहासारखा रंग दिसला तर लगेच काम काढ. पॅड आणि फ्लुइड मिळून अडीचशेच्या आत बसतं, आणि ब्लीडिंग (नळ्यांतलं जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढणं) करायला एक माणूस पेडलवर बसवला की घरी होतं.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही कारण बॉनेट उघडून दाखवता येत नाही, ती म्हणजे व्हील हॉप. २०१५ पासून मस्टँगला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. ते सगळं एका लोखंडी क्रेडलवर बसवलेलं असतं आणि ते क्रेडल चार मोठ्या रबरी बुशवर बॉडीला टांगलेलं असतं. रबर यासाठी की आवाज आणि दणके आत येऊ नयेत. पण जोरात सुटताना काय होतं, टायर पकड घेतो, क्रेडल त्या रबरात पिळला जातो, पिळ एका मर्यादेपर्यंत गेला की टायर सुटतो, क्रेडल झटक्यात परत येतो, टायर पुन्हा पकडतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. तुला ते मागून धाडधाड आपटल्यासारखं जाणवलं असेल, आणि तू लिहिलंयस की "सिग्नलवरून सुटताना मागे काहीतरी तुटल्यासारखा आवाज येतो", तो हाच. हे चालू राहिलं की हाफ शाफ्ट (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचे दांडे) तुटतात. आणि गंमत नाही, चांगले टायर घातल्यावर हे वाढतं, कारण पकड वाढली. म्हणून टायर आणि हे काम एकाच वेळी कर.

उपाय स्वस्त आहे. क्रेडल लॉकआउट किट म्हणून मिळतं, बीएमआर आणि स्टीडा या दोन्ही कंपन्यांचं आहे, साधारण सव्वाशे डॉलर. त्यात जाड वॉशरसारखे तुकडे असतात जे बुशच्या वर-खाली मोकळ्या जागेत बसतात, म्हणजे क्रेडलला पिळायला वावच राहत नाही. गाडी चार मजबूत स्टँडवर घे, क्रेडलच्या खाली ट्रॉली जॅक लावून आधार दे, आणि एका वेळी एकच बोल्ट सैल कर, चारही एकदम काढू नकोस नाहीतर क्रेडल सरकतो आणि परत भोकं जुळवताना अर्धा दिवस जातो. आवळताना टॉर्क रेंच वापर, आकडा किटच्या कागदावर असतो. काम झालं की फोर व्हील अलाइनमेंट करून घे, १२० च्या आसपास. पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) या गाडीत कारखान्यातून ॲडजस्ट होत नाही, पण टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली) आणि मागचं सगळं होतं, आणि प्रिंटआउट मागून घे, नुसतं "झालं सर" वर समाधान मानू नकोस.

याच्या पुढे जाऊन डिफरन्शिअलचे बुश ॲल्युमिनियमचे घालायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हण. ट्रॅकच्या गाडीला ठीक आहे, पण रोज आय-६९६ वर ७० मैलांनी जाताना डिफरन्शिअलची शिट्टी सरळ केबिनमध्ये येते आणि आठवड्यात तू वैतागशील. रोजच्या गाडीला अगदीच लागलं तर पॉलियुरेथेनचे इन्सर्ट घालायचे, तेवढं पुरतं.

तिसरी गोष्ट गिअर आणि क्लच. तुझ्या गाडीच्या एमटी-८२ गिअरबॉक्सला लोक खूप शिव्या देतात, त्यातला निम्मा राग खरं तर गिअरच्या दांड्याच्या लवचिक रबरी आधाराचा आहे. दांडा ज्या ब्रॅकेटवर टेकतो त्याचा मागचा बुश इतका मऊ की जोरात असताना इंजिन-गिअरबॉक्स हलतात आणि दांडा वेगळीकडे असतो, मग दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना अडकतं. कडक ब्रॅकेट १०० डॉलरच्या आसपास मिळतं. पूर्ण शिफ्टर बदलायचा असेल तर एमजीडब्ल्यूचा फार सुंदर आहे पण तो नंतर. क्लच पेडलच्या वर एक हेल्पर स्प्रिंग असते, ती पेडल हलकं वाटावं म्हणून, पण तिच्यामुळे क्लच नक्की कुठे पकडतो ते पायाला कळत नाही आणि वरच्या आरपीएमला पेडल खाली रेंगाळतं. हलकी स्प्रिंग तीस-चाळीस डॉलरला येते. डॅशखाली उताणं झोपून, डोक्यावर टॉर्च बांधून करायचं काम आहे, पाठ दुखते, पण झाल्यावर गाडी दुसरीच वाटते. माझ्याकडे येणाऱ्या मॅन्युअलवाल्यांना मी हे काम आधी करायला लावतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा गिअरबॉक्स बदलायचा विचार तिथेच बारगळतो. याच वेळी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं ऑइलही बदलून घे.

चौथं, ऑइल सेपरेटर, ज्याला सगळे कॅच कॅन म्हणतात. कोयोटी इंजिनमध्ये (तुझ्या पाच लिटरचं नाव) क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये ओढली जाते आणि तिच्याबरोबर ऑइलचा बारीक तुषारही. ते इनटेकमध्ये साचतं, आणि ऑइल ज्वलनात गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन (नॉक न होता टिकायची क्षमता) खाली येतो, नॉक (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) वाढतो, कॉम्प्युटर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे ओढतो. शंभर-दीडशेचा डबा आहे, पॅसेंजरच्या बाजूला दहा मिनिटांत बसतो. पण मिशिगनच्या हिवाळ्यात एक काळजी घ्यायची, थंडीत डब्यात ऑइलपेक्षा पाणीच जास्त जमतं, दुधी रंगाचं, आणि ते गोठून नळी बंद होऊ शकते. डिसेंबर ते मार्च पेट्रोल भरायला थांबलास की एक-दोन वेळा आड उघडून रिकामा करत जा. ते दुधी पाणी बघून घाबरू नकोस, हेड गॅस्केट गेलेली नसते, छोट्या अंतराच्या ड्रायव्हिंगमध्ये थंडीत ते येतंच.

बेरीज केलीस तर चाकं, टायर, लॉकआउट, अलाइनमेंट, पॅड-फ्लुइड, ब्रॅकेट, स्प्रिंग, कॅच कॅन आणि ऑइलं, अडीच हजारात बसतं, थोडंफार काम स्वतः केलंस तर शे-दोनशे उरतील.

आता मित्राच्या सल्ल्याकडे येतो, कारण कॅलिब्रेशन हे माझं रोजचं काम आहे आणि इथे खूप गैरसमज आहेत.

कोल्ड एअर इनटेक. तुझ्या गाडीचा मूळ एअरबॉक्स बंद आहे आणि पुढच्या जाळीतून बाहेरची थंड हवाच घेतो. बाजारात जे चमकदार पाइप आणि उघडा शंकूसारखा फिल्टर मिळतो त्यातले स्वस्त किट बॉनेटखालची गरम हवा ओढतात. ढोबळ हिशोब असा की आत जाणारी हवा साडेपाच अंश सेल्सिअसने तापली की साधारण एक टक्का पॉवर जाते. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली हवा बाहेरच्यापेक्षा वीस-तीस अंश जास्त सहज असते, तूच गुणाकार कर. आवाज मोठा येतो म्हणून पॉवर वाढल्यासारखी वाटते.

त्याहून महत्त्वाचं, पाइपमध्ये एक मास एअरफ्लो सेन्सर असतो. तो प्रत्यक्षात सगळी हवा मोजत नाही, त्याच्या छोट्या तोंडासमोरून हवा किती वेगाने जाते ते मोजतो, आणि पाइपचा व्यास माहीत आहे असं धरून एकूण हवा काढतो. तू पाइप मोठा केलास की तेवढीच हवा हळू जाते आणि सेन्सर म्हणतो हवा कमी आहे. पेट्रोलचं प्रमाण ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर सावरून घेतो, त्यामुळे मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. पण इंजिनवर लोड किती आहे हा आकडा त्याच हवेवरून निघतो, आणि इग्निशन टायमिंग, कॅमशाफ्टचं टायमिंग हे सगळं लोडच्या तक्त्यातून वाचलं जातं. लोड खरा ८० टक्के असताना कॉम्प्युटरला ७२ दिसला तर तो शेजारच्या घरातलं टायमिंग उचलतो, म्हणजे जास्त ॲडव्हान्स, म्हणजे नॉक. नॉक सेन्सर वाचवतो, पण वाचवताना टायमिंग मागे घेतो आणि पॉवर गेली. म्हणून ट्यूनशिवाय इनटेक कधीही नाही, अगदी पाकिटावर "ट्यून लागत नाही" लिहिलं असलं तरी सेन्सरच्या जागेचा व्यास मूळचाच आहे का ते मोजून बघ.

पेडल कंट्रोलर नावाची दोनशे-तीनशे डॉलरची डबी मिळते तीही नको. ती ॲक्सिलरेटर पेडलचा सिग्नल फुगवून सांगते, तू ३० टक्के दाबलास तर थ्रॉटलला ५० वाटतं. पूर्ण दाबल्यावर फरक शून्य.

पॉवर वाढवायचीच असेल तर पुढच्या वर्षी, सगळं वरचं झाल्यावर, नुसतं ९३ ऑक्टेनचं ट्यून कर. फोर्डने हे इंजिन ८७ वर चालेल असं ठेवलंय, कॉम्प्रेशन ११ ला १ असूनसुद्धा, म्हणजे टायमिंगमध्ये बऱ्यापैकी जागा शिल्लक आहे. चांगला माणूस १५-२० घोडे चाकाला देतो, पण माझ्या मते खरा फायदा मधल्या आरपीएमचा आणि थ्रॉटलच्या प्रतिसादाचा, जो तुला रोज आय-६९६ च्या रॅम्पवर कळेल. फोर्ड परफॉर्मन्सचं स्वतःचं पॉवर पॅक २ म्हणून किटही या मॉडेलला आहे, शेल्बी जीटी३५० चा ८७ मिलिमीटरचा थ्रॉटल बॉडी, त्याचा एअरबॉक्स आणि कंपनीचंच कॅलिब्रेशन, आणि कंपनीचा दावा २१ हॉर्सपॉवर आणि २४ पाउंड-फूट. आकडा छोटा वाटेल पण तो प्रामाणिक आहे, आणि त्यामागे कंपनीने केलेली टिकाऊपणाची चाचणी असते. मी स्वतः रोजच्या गाडीला हेच सुचवतो.

ट्यून करून घेताना डायनोचा (चाकांची पॉवर मोजणारं मशीन) कागद मागशील तर आधीचा आणि नंतरचा, एकाच दिवशी, एकाच मशीनवरचा माग. ४३५ हा क्रँकचा आकडा, चाकाला साधारण ३७० ते ३९० दिसतात, मशीन कोणतं त्यावर बदलतं. दुसऱ्याच्या गाडीच्या दुसऱ्या डायनोच्या आकड्याशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. आणि डेटालॉग (चालवताना कॉम्प्युटरने केलेली नोंद) बघायला शिक. एका तिसऱ्या गिअरच्या ओढीचा लॉग काढ, नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतोय की पुढे देतोय ते बघ, आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघ. ट्यूनर लॉग न मागता फाइल पाठवत असेल तर दुसरा शोध.

लाँग ट्यूब हेडरबद्दल माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या गाडीला करू नये. हो, त्याने पॉवर वाढते, ट्यूनसकट पंचवीस-तीस घोडे येतात. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा, थोडक्यात कॅट) काढायचा किंवा हलवायचा म्हणजे फेडरल क्लीन एअर ॲक्टच्या विरोधात जातं. मिशिगनमध्ये एमिशनची तपासणी होत नाही म्हणून लोकांना वाटतं चालतंय, पण कायदा सगळीकडे तोच आहे, आणि उद्या तुझी नोकरी सॅन होजेला गेली तर? कॅलिफोर्नियात एमिशनशी संबंध येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या पार्टला एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ (मंजुरीचा) नंबर लागतो, आणि जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदललेलं आहे का तेही बघतात. मंजुरी नसलेलं ट्यून असेल तर नापास. म्हणून असला पार्ट कुठलाही घे, ईओ नंबर असलेलाच घे, चार पैसे जास्त जातील. वास, केबिनमध्ये सतत घुमणारा आवाज आणि सकाळी साडेसहाला शेजाऱ्यांची झोप हा भाग वेगळाच. आवाजच हवा असेल तर कॅटच्या मागचा सायलेन्सर, तोही टेक-ऑफ, घाल. पॉवर जवळजवळ शून्य, पण व्ही८ चा आवाज हे या गाडीच्या मालकीचं अर्धं सुख आहे आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही.

डिफरन्शिअलचा रेशो ३.३१ वरून ३.७३ करायचा असंही तू विचारलंयस. ॲक्सिलरेशनला हा फार चांगला बदल, सगळ्याच गिअरमध्ये पावणेतेरा टक्के जास्त जोर. ७० मैलांना सहाव्या गिअरमध्ये आत्ता १८५० च्या आसपास आरपीएम असेल ते २१०० च्या आसपास जाईल, ॲव्हरेजला थोडा फटका. पण वरचा हिशोब आठव, पहिल्या दोन गिअरमध्ये टायर आधीच कमी पडतोय. आणि मजुरीसकट हजाराच्या वर जातं, कारण क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलमधले दोन मुख्य गिअर) बसवताना त्यांच्या दातांमधली फट सेट करणं हे अनुभवी हाताचंच काम आहे, यूट्यूब बघून करायचं नाही. नंतर ठेव.

लोअरिंग स्प्रिंग नको. तू रोज इथल्या रस्त्यावर चालवतोस, मार्चमध्ये बर्फ वितळला की काय होतं ते तुला माहीत आहे. एक इंच खाली घेतलेली गाडी मूळ शॉकॲब्झॉर्बरवर बंपस्टॉपला (सस्पेन्शनच्या टोकाचा रबरी ठोकळा) आपटत राहते, शॉक लवकर जातात आणि मग त्यांचा खर्च. सस्पेन्शन करायचं असेल तर परफॉर्मन्स पॅकेजच्या टेक-ऑफ स्प्रिंग, शॉक आणि अँटीरोल बार एकत्र सेटमध्ये शोध, कारखान्याने एकमेकांशी जुळवलेले असतात.

सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) "पुढे कधीतरी" म्हणालास. किटच सात-आठ हजारांच्या वर, आणि तुझ्या पिढीच्या कोयोटीत ऑइल पंपचे गिअर आणि क्रँकचा स्प्रॉकेट पावडर मेटलचे (धातूची भुकटी दाबून बनवलेले) आहेत, बूस्ट (दाबून भरलेली हवा) आणि रेव्ह लिमिटरवर (आरपीएमची कमाल मर्यादा) आदळणं या दोन्हींत ते फुटतात आणि ऑइल प्रेशर गेलं की इंजिन गेलं. म्हणजे तेही उघडून बदलायचं, मग क्लच, मग हाफ शाफ्ट. ज्या गाडीवर सोमवारी ऑफिसला पोचणं अवलंबून आहे तिच्यावर हे करू नये असं मला मनापासून वाटतं. तेवढे पैसे जमले तर २०१८ नंतरची ४६० हॉर्सपॉवरची गाडी बघ.

पुण्याच्या तुझ्या भावाकडे तिथे विकली गेलेली मस्टँग आहे आणि त्यालाही हेच सांगू का असं विचारलंस, तर नाही. भारतात आलेली ती गाडी ऑटोमॅटिक आहे आणि तिथे तिला ४०१ पीएसचं ट्यून दिलेलं होतं. तिथे ऑक्टेनचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात, इथलं ८७ म्हणजे तिथलं साधारण ९१ आणि इथलं ९३ म्हणजे तिथलं ९७-९८, त्यामुळे इथली ९३ ची फाइल तिथल्या साध्या पेट्रोलवर चालवली तर इंजिन नॉक करेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत. त्याने टायर, ब्रेक फ्लुइड आणि सर्व्हिसवर खर्च करावा.

हे सगळं झाल्यावर एक रविवार एससीसीए या क्लबच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) डेट्रॉइट रीजनच्या ऑटोक्रॉसला ये. मोकळ्या पार्किंगमध्ये कोन लावलेले असतात, वेग फार नसतो, हेल्मेट बऱ्याच ठिकाणी उसनं मिळतं. टायर आणि बुशने काय केलं ते तिथे एका फेरीत कळेल, आणि सिग्नलवर शेजारच्या चॅलेंजरशी हिशोब मिटवायची खाज रस्त्याबाहेर भागेल.

वॉरंटीचं म्हणशील तर तुझी पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांची पॉवरट्रेन वॉरंटी वर्षांच्या हिशोबाने कधीच संपली. एक्स्टेंडेड घेतली असशील तर कागद वाच, ट्यूनबद्दल बहुतेकांत वेगळं कलम असतं. इन्शुरन्सवाल्यांना चाकं आणि ट्यून दोन्ही कळव आणि ईमेलवर लेखी उत्तर घे, क्लेमच्या वेळी फोनवरचं बोलणं कोणी मानत नाही. आणि काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, बोल्टसकट, पिशवीत घालून वर मार्करने नाव लिहून बेसमेंटमध्ये ठेव. विकताना मूळ स्थितीतल्या मस्टँगला गिऱ्हाईक लवकर मिळतं, आणि तू घातलेले पार्ट तेव्हा इथेच दुसऱ्या कोणालातरी टेक-ऑफ म्हणून विकता येतील.